शिवकन्येची जोडणी

धारूरच्या बाजारात वैजिनाथ आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांची थोरली शिवकन्या औरंगाबादहून संगणकाची पदविका घेऊन आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही पुण्याला जाणार. पण आईला अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळवलेलं. शिवकन्या राहिली, आणि दोन हजार साली जूनमध्ये दीड तासावरच्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कामाला लागली.

कारखान्यात वेब सर्व्हर आधीच होता, पुण्याच्या एका कंपनीनं बसवलेला. संचालकांचे फोटो, कारखान्याचा इतिहास अशी तयार पानं तो दाखवायचा. कुणी काही विचारलं तर शोधून सांगण्याची अक्कल त्याला नव्हती. इकडं आपल्या उसाला तोड कधी, एवढं कळायला माणसं दिवसदिवस खात्याच्या पायऱ्यांवर बसत. शिवकन्येनं ठरवलं, खात्याच्या ओट्यावर एक संगणक ठेवायचा. शेतकऱ्यानं नोंदीचा आकडा टाकावा, तोडीच्या यादीतला नंबर समोर यावा.

असं विचारलेल्याचं उत्तर तयार करणाऱ्या यंत्रणेला सर्व्हलेट इंजिन म्हणतात. ते फुकट मिळालं, प्रोग्रामही महिन्यात लिहून झाला. घोडं अडलं जोडणीत. पुण्याच्या कंपनीची अट होती की आमचा सर्व्हर आहे तसाच राहील. म्हणजे पुढं त्यांचा सर्व्हर, मागं हिचं इंजिन, आणि मधे निरोप नेणारं-आणणारं एक छोटं प्लगिन. ते तिसऱ्याच कंपनीचं. आणि ती परदेशी कंपनी त्याच साली बुडालेली. हिच्या पत्रांना उत्तर कोण देणार?

दर रविवारी ती बीडच्या इंटरनेट कॅफेत जायची, त्या प्लगिनच्या निरनिराळ्या आवृत्त्या उतरवून फ्लॉपीत आणायची. एक सर्व्हरला जुनी पडायची, दुसरी नवी. एकीनं तर सर्व्हरच बंद पाडला. भगवानराव, म्हणजे कारखान्याचे एमडी, स्वतः खात्यात आले.

"ताई, चेअरमनसायबांचा फोटो कावून दिसंना?"

"दुपारपर्यंत येतो साहेब," ती म्हणाली, आणि तिनं जेवणाचा डबाही न उघडता फोटो परत आणला.

दिवाळीनंतर पाचवी आवृत्ती लागू पडली. पडद्यावर पहिलं उत्तर उमटलं तेव्हा खोलीत ती एकटीच होती. कुणाला सांगावं, हे तिला सुचेना. महिनाभर खोलीतच चाचणी सुरळीत चालली. मग पुण्याच्या कंपनीच्या माणसानं न सांगता सर्व्हर अद्ययावत केला आणि जोडणी तुटली. फोनवर तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, थर्ड पार्टीचं आम्ही बघत नाही." शिवकन्येनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जानेवारी संपत आला तेव्हा निरोप पुन्हा जाऊ-येऊ लागले आणि संगणक ओट्यावर आला.

त्याच आठवड्यात वच्छलाबाई ओट्यावर आल्या. एकटी बाई, चार एकर ऊस, तोड लांबल्यानं त्याला तुरे आलेले. शिवकन्येनं त्यांच्याकडून आकडा विचारून घेतला, बटण दाबलं आणि वाचून दाखवलं.

"मावशी, तुमचा नंबर सत्तावन्न."

"आन् तोड कितव्यावर हाय?"

पडद्यावर तेही होतं. दोनशे अकरा.

वच्छलाबाईंना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. पायऱ्यांवरची माणसं उठून आली. एकेक जण आपला आकडा सांगू लागला. कुणाचा सत्तर, कुणाचा नव्वद; सगळ्यांना ओलांडून तोडणीच्या टोळ्या पुढं गेलेल्या. संचालकांच्या फडात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज वाढला.

भगवानरावांनी शिवकन्येला बोलावून घेतलं. "तुमचा प्रोग्राम चुकतोय."

"न्हाई साहेब. नोंदी खात्याच्या रजिस्टरातल्या हायत."

"मी म्हणालो ना, प्रोग्राम चुकतोय."

दुसऱ्या दिवशी पुण्याचा माणूस आला. त्यानं इंजिनाला हात लावला नाही, प्रोग्रामालाही नाही. प्लगिनची एक ओळ तेवढी पुसली. पाच मिनिटांचं काम, चहा निवायच्या आत झालं. इंजिन मागं चालूच राहिलं. शिवकन्या आपल्या टेबलावरून विचारायची, ते बरोबर उत्तर द्यायचं. ओट्यावरच्या माणसापर्यंत मात्र त्यातलं काही पोहोचत नव्हतं.

वच्छलाबाईंचा ऊस एप्रिलात तुटला. पार वाळून काठ्या झालेल्या. त्या खात्यात पावती घ्यायला आल्या, शिवकन्येजवळ थांबल्या.

"बाई, त्या दिशी मशिनीत खोटं आलतं का गं?"

"न्हाई मावशी. खरंच आलतं."

"मंग खरं आसून काय झालं?"

वच्छलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एसटी चुकेल म्हणून निघाल्या.

जुलैत मशीन साफ करायचं निघालं. इंजिन, प्रोग्राम सगळं पुसलं गेलं. नक्कल काढायला फ्लॉप्या होत्या, तिनं काढली नाही. पुढच्या हंगामात तिची बदली वजनकाट्यावर झाली, गाड्यांचे नंबर टायपायला. एका संध्याकाळी आप्पांनी सहज विचारलं, "शिवा, ते जोडायचं काम झालं का गं तुझं?"

"झालं आप्पा," ती म्हणाली, आणि आईला कूस बदलून द्यायला आत गेली.