मुनीमजीचा उपास

ताराचंदभाऊंच्या घरात केरसुणी कुठे ठेवतात, हे फक्त त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना ठाऊक आहे. भाऊ दुकानात गेले की ती बाहेर निघते आणि ते जेवायला यायच्या आत कुठेतरी गडप होते. पुलगावच्या बाजारात भाव पाडून मागायची ज्याच्यासमोर कोणाची टाप नाही, तो भांड्यांचा व्यापारी केरसुणी दिसली की मान वळवतो. बाजार म्हणतो, बायकोच्या धाकानं. मी पडले भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. मला खरं ठाऊक आहे, आणि मला ठाऊक असलेली गोष्ट गल्लीला कळायला फार वेळ लागत नाही.

भाऊ साठीला आलेले. आवाज असा, की बोलले तर मांडणीवरचे पेले झणझणावेत. मन मात्र मऊ, पण ते त्यांनी उधारीवरसुद्धा कोणाला दिसू दिलं नाही. पोरगा पियुष पुण्याला नोकरीला. तो एका सुट्टीत बीगल जातीचं, लांब कानांचं पिल्लू घेऊन आला आणि थोडे दिवस सांभाळा म्हणून ठेवून गेला. थोडे दिवस म्हणजे किती, हे पुण्याला गेल्यावर पोरं विसरतातच. भाऊंनी आधी नाक मुरडलं. मग ते पिल्लू दुकानात गल्ल्याशेजारच्या गादीवर बसायला लागलं. गिऱ्हाईक आलं की त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचं, म्हणून बाजारानंच त्याचं नाव ठेवलं मुनीम.

भाऊंच्या दुकानात डबे, घागरी, बादल्या छताला टांगलेल्या असतात. लांब बांबूच्या आकडीनं ते काढतात. आकडी वर गेली की मुनीमही मान पार पाठीला लावून वर पाहायचा. एकदा वरून एका डब्याबरोबर जुना बुंदीचा लाडू पडला होता, तेव्हापासून त्याची छतावर श्रद्धा बसली होती. गिऱ्हाईक भांडं पाहण्याऐवजी मुनीमलाच पाहायचं.

मग महालक्ष्म्या आल्या. भाऊंकडच्या महालक्ष्म्या म्हणजे गल्लीचा मान. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या, वर फुलोरा टांगायचा, म्हणजे करंज्या, पापड्या, कणकेच्या तळलेल्या वेण्या दोऱ्यात ओवून देवींच्या डोक्यावर लोंबत्या ठेवायच्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असं ताट वाढलं, की सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं आणि दार लावून घ्यायचं. देवी जेवतात तेव्हा कोणी बघायचं नाही. आम्ही सगळ्या बाया बाहेर पदर सावरून चिडीचूप. आतून चपचप आवाज आला. देवकाबाई हात जोडून म्हणाल्या, आई खरंच जेवून राह्यली. दार उघडलं, तर मुनीम ताटात उभा. देवींच्या पाटामागे झोपला होता बिचारा, त्याला कोणी बाहेर यायला सांगितलंच नव्हतं.

भाऊंच्या हाताशी केरसुणी होती. एक बसली मानेवर. एकच, पण भाऊंचा हात पितळ उचलणारा. आणि केरसुणी म्हणजे लक्ष्मी. तिनं कोणाला मारू नये, आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी तर नाहीच नाही. यशोदाबाईंचा चेहरा पांढरा पडला. नवा स्वयंपाक झाला, नवा नैवेद्य झाला, पण घरात कोणी पुरण दुसऱ्यांदा मागून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीम कोपऱ्यात बसला तो मान खाली घालून. हाक मारली तर डोळे तेवढे वर करायचा, मान नाही. पाठ कमानीसारखी. चालायचा तर असा जपून, जसा देवळात अनवाणी माणूस उन्हातल्या फरशीवरून चालतो. ताट ठेवलं, त्यानं वास घेतला आणि मागे सरकला.

आता हे पाहून शहाण्या माणसानं काय म्हणावं? आम्ही म्हणालो, पश्चात्ताप झाला. मुनीमजीनं उपास धरला, हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं ते विचारू नका, सांजच्यापर्यंत ते स्टेशनापलीकडे पोचलं होतं. बाया हळदीकुंकवाला आल्या की देवींनंतर मुनीमला पाहून जायच्या. आनंदाबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तो थरथरला, त्या म्हणाल्या, पाह्य कसा भक्तीनं कापून राह्यला. त्याचं अंग तापलं होतं हे त्यांच्या बोटालाही कळलं असणार, पण देवाच्या घरात तापलेलं अंग कोण ताप समजतं? भाऊ दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते, माणसापेक्षा जनावराले लाज जास्त. बोलताना त्यांना जरा बरंही वाटत होतं. कुत्र्याचा अपराध मोठा ठरला की आपला फटका लहान होतो.

देवी उठल्या, फुलोरा उतरवून वाटून झाला, तरी उपास सुटेना. मग भाऊंनी ठरवलं, आता आपणच मोठेपणा घ्यावा. एक पापडी हातात घेतली, मुनीमपुढे उकिडवे बसले. मी दारातच होते, वाटी परत करायला आले होते. भाऊ म्हणाले, "झालं ते झालं रे बाप्पा. माफ केलं तुले. पाह्य वर." आणि त्यांनी त्याच्या हनुवटीखाली हात घालून मान वर उचलली.

मुनीम जे ओरडला, ते कुत्र्याचं ओरडणं नव्हतं. लहान लेकराच्या बोटावर दार आपटावं तसं. भाऊंचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी पापडी त्याच्या डोक्यावर धरून पाहिली, दुकानात आकडी धरावी तशी. मुनीमनं डोळे वर केले, मग सगळं अंगच मागे तिरपं केलं, पण मान जागची हलली नाही.

भाऊ माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "वैनी, हा लाजून नाई राह्यला. याले मान उचलताच येत नाई."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी ताप पाहिला, मान अलगद चाचपली आणि लगेच नागपूरच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रस्ताभर भाऊंनी मुनीमला मांडीवर असा धरला होता, जसा काचेचं सामान असलेला खोका. यशोदाबाई पुढच्या सीटवर. वाटेत केळझरच्या गणपतीला त्यांनी गाडीतूनच हात जोडले, भाऊंनी जोडले नाहीत. देवापुढे कोणत्या तोंडानं जावं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

नागपूरला डॉक्टर मोनाली मॅडम होत्या, पोरीसारख्या दिसणाऱ्या, बोलणं पक्कं. त्यांनी भूल देऊन मानेजवळच्या मणक्यातून थोडं पाणी काढलं आणि तपासलं. मेनिंजायटिस, म्हणाल्या. मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीवर एक पातळ आवरण असतं, त्याला सूज आली आहे. जंतू सापडले नाहीत. अंगातली रोगाशी लढणारी फौजच चुकून आपल्याच घरावर चालून गेली. बीगलसारख्या काही जातींत, वर्षाच्या आतबाहेरच्या वयात हे दिसतं. मान ताठ, ताप, जेवण बंद, हात लावला की कळवळणं, हीच त्याची खूण.

पुलगावात फौजेचा दारूगोळ्याचा डेपो, त्यामुळे इथल्या माणसाला फौजेची भाषा लगेच कळते. भाऊंना एवढंच कळलं नाही, की यात आपण कुठे बसतो. त्यांनी विचारलं, मारानं झालं का. मॅडम म्हणाल्या, नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मॅडम पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन ठेवलं.

"काका, तुमच्या फटक्यानं हा आजार झालेला नाही. पण मान खाली गेली त्याच दिवशी आणला असता, तर इतकं दुखणं त्याला सोसावं लागलं नसतं."

फटक्याच्या आरोपातून सुटका झाली आणि दुखण्याला उपास म्हणून हसल्याची सजा लागली. भाऊ परत आले तेव्हा बाजारात कोणीतरी विचारलं, उपास सुटला का मुनीमजीचा. भाऊंनी अर्धं शटर ओढून घेतलं. माझ्याही जिभेवर एक विनोद आला होता, तो मी गिळला. फार कडू लागला.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुनीम दोन-तीन दिवसांत शेपटी हलवायला लागला. पण मॅडमनी बजावलं होतं, बरा दिसला म्हणून गोळी बंद करायची नाही. हळूहळू, महिनोन् महिने कमी करायची, नाहीतर आजार उलटतो. आणि ही गोळी त्या चुकलेल्या फौजेला झोपवते, म्हणजे खऱ्या शत्रूशी लढायलाही आता कोणी जागं नाही. म्हणून दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचा नाही, गोचीड लागू द्यायची नाही, कच्चं मांस नाही, लस विचारल्याशिवाय नाही, लहानशी जखमही अंगावर काढायची नाही, लगेच दाखवायची.

गोळीनं दुसरं एक केलं. मुनीमला अशी भूक सुटली, की त्यानं एक दिवस पायपुसणंही चाखून पाहिलं. पाण्याची वाटी भरता भरता यशोदाबाई थकल्या, आणि ते पाणी नंतर कुठे जायचं ते फरशीला विचारा. मॅडमनी मापून जेवण द्यायला सांगितलं होतं. भाऊंनी मान डोलावली होती. पण मुनीमनं तोंडाकडे पाहिलं की भाऊंना ते भरलेलं ताट आणि तो फटका आठवायचा, मग खिशातून गुळाचा खडा निघायचा. काही दिवसांतच मुनीम तांब्याच्या बंबासारखा दिसू लागला. मी म्हटलं, भाऊ, आता याला छताला टांगला तर विकल्या जाईल. हसले नाहीत.

हिवाळ्यात भैय्याजी चहावाल्याच्या टपरीजवळची मोकाट पिल्लं शटरपाशी येऊन मुनीमला बोलवायची. मुनीम आतून रडायचा. भाऊंना ते सहन झालं नाही. त्याचं मन मोडू नये म्हणून एका दुपारी त्यांनी साखळी सोडली. खेळता खेळता एका पिल्लाचं नख मांडीला लागलं. दुसऱ्या कुत्र्याला झालं असतं तर चाटून मिटलं असतं. मुनीमच्या मांडीवर लिंबाएवढं गळू आलं, पुन्हा ताप, पुन्हा नागपूर, या खेपेला गळूला चिरा आणि आणखी औषधं.

परतल्यावर यशोदाबाई, ज्या आयुष्यात नवऱ्यापुढे पदर खाली येऊ देत नाहीत, त्या ओसरीवर उभ्या राहिल्या. मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते, वाळलेलेच.

"तुमच्या मनाले बरं वाटावं म्हनून गूळ. तुमच्या मनाले बरं वाटावं म्हनून साखळी सोडली. तुमचं पाप त्याच्या अंगावर काऊन फेडून राह्यले?"

भाऊंनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग त्यांनी खिशातला गुळाचा पुडा काढला आणि यशोदाबाईंच्या हातात दिला.

त्यानंतर भाऊ बदलले, म्हणजे शिस्तीत आले. जेवण वाटीनं. गोळी जेवणासोबत. पिल्लं आली की स्वतः उठून हाकलायचे आणि मुनीम रडला तरी गादीवर शेजारी बसून राहायचे, तोंड पाडून. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम एकच. रिकामी आकडी छताकडे न्यायची आणि मुनीमची मान किती वर जाते ते पाहायचं. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळो. मॅडमनी सांगितलेलं होतं, आजार उलटला तर पहिली मान बोलते.

यंदा महालक्ष्म्या आल्या तेव्हा गोळी नुकतीच बंद झाली होती आणि रक्ताची तपासणी चांगली आली होती. ताट वाढलं, दार लावलं. या खेपेला भाऊ मुनीमला घेऊन सगळ्यांच्या मागे, पार अंगणात उभे. देवकाबाईंनी आतला आवाज ऐकायला कान दिला, मला हसू आलं, मग भाऊंकडे नजर गेली आणि आवरलं.

फुलोरा उतरवायच्या दिवशी भाऊंनी मला बोलावून घेतलं. यशोदाबाई म्हणाल्या, वर्षभर ज्यानं मापून खाल्लं त्याला एक पापडी चालते. भाऊंनी ती घेतली, उकिडवे बसले आणि हात वर नेला. मुनीमची मान उठली. उठत गेली, लांब कान मागे घसरले, गळ्याची पांढरी बाजू दिसली, नाक सरळ वर.

भाऊ पापडी द्यायलाच तयार नाहीत. मुनीमची लाळ फरशीवर पडायला लागली.

मी म्हटलं, "भाऊ, देऊन टाका ना आता. किती तरसवता."

"थांबा वैनी," भाऊ म्हणाले. "पाहू द्या अजून."