आत्याबाई आणि मागचं डावं चाक

आमची गाडी डावीकडे कलते याला आत्याबाई जबाबदार आहेत, असं माझं ठाम मत झालं होतं. (मत व्हायला मला वेळ लागत नाही.)

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. मुक्काम दापोरा, घरची केळीची बाग, आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आणि देह आवाजाला शोभेल असा! बुऱ्हाणपूरला आमच्याकडे आल्या की गाडीत त्यांची जागा ठरलेली. मागे, डाव्या खिडकीशी.

त्या सकाळी मुलं आणि सासूबाईंसह पुतणीच्या साखरपुड्याला घाटातून खंडव्याला निघायचं होतं. आत्याबाई आधीच गाडीत बसलेल्या. मी मोबाइलवर नुकतंच शिकले होते, की चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत उंची मोजायची. डावी-उजवी सारखी भरली पाहिजे. ब्लाउजची टेप घेऊन मी चारी चाकांपुढे वाकले. मागच्या डाव्या चाकावर कमान दोन बोटं खाली!

"अहो," मी ह्यांच्या कानात कुजबुजले, "आत्याबाईंना मधे सरकवा ना. गाडी दबतेय."

(माझी कुजबुज कशी असते ते शेजाऱ्यांना विचारा.)

"काय म्हने? मी दबवते गाडी?" आत्याबाई दार उघडून खाली. "माय वं! आता मोज! मी बाहेर, सामान बाहेर, तुझा नवराबी बाहेर. सपाट जागेवर मोज, चार लोकांसमोर!"

चार कसले? गाडी देवळासमोरच्या सपाट फरशीवर नेईपर्यंत अख्खी गल्ली जमली.

"पहले हवा तो देख लो, भाभी," शेजारचे काका म्हणाले. पाहिली. चारी टायरांत बरोबर. डिकीतला केळीचा घड उतरवला. मी वाकले, मोजलं. दोन बोटं खाली! पुन्हा वाकले, पुन्हा मोजलं. तेवढंच!

"आता कोन बसलंय गाडीत?" आत्याबाईंनी गल्लीला विचारलं. "भूत?"

गल्ली खदखदून हसली. मी टेपची गुंडाळी करत बसले.

"चला गॅरेजला! माझं नाव साफ झाल्याबिगर मी साखरपुड्याला येनार नाई!"

आमचं भांडण ऐकून हसत हसत गॅरेजवाल्या भाईंनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि हसायचे थांबले. "मॅडम, स्प्रिंग टूट गई है. ये टूटा सिरा देखो, टायर को लगने ही वाला था. घाट में टायर फटता तो?"

मुलं, सासूबाई, आत्याबाई, सगळ्यांना बसवून त्याच घाटातून मी गाडी नेणार होते. आत्याबाई चिडल्या नसत्या, तर तशीच निघालेही असते!

आत्याबाईंनी ते तुटकं टोक वाकून पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे वं पोरी. तू मोजलं म्हनून तर समजलं."

एवढा अपमान करूनही हे बोल! माझे डोळे भरून आले. भर गॅरेजात मी त्यांच्या पाया पडायला वाकले... आणि तिथेच अडकले! सकाळपासूनच्या वाकण्याने कमरेत उसण भरली होती. आत्याबाईंनीच दंडाला धरून मला तिथल्या बाकड्यावर बसवलं.

दोन्ही बाजूंना नव्या स्प्रिंगा घालून आम्ही उशिरा, पण सगळे धडधाकट पोचलो. मी सोडून. साखरपुडाभर मला सरळ होताच आलं नाही. मुलाकडची मंडळी आजही सांगतात, "त्यांच्या घरात काकूच सगळ्यांत नम्र! अख्खा कार्यक्रम आमच्यापुढे वाकूनच उभ्या होत्या!"