बावीस वाचक, चार सह्या

आमच्या शेजारच्या मुलीला आख्खी बिल्डिंग ‘चौकशी’ म्हणते. नाव मीच ठेवलं. गावच्या वर्तमानपत्रात लागून तिला दीड वर्ष झालं. लोक लग्नाला जातात तशा हौसेने ती नगरपालिकेच्या सभांना जाते. जिन्यात भेटली की मी तोंड उघडायच्या आत तीच, “काकू, तुमचं पाणी किती वाजता गेलं?” बिल्डिंगच्या चौकशा करणं हे काम माझं. सरळ माझ्या पोटावर पाय!

मागच्या महिन्यात नगरपालिकेने वाचनालय दुपारचं बंद करायचं काढलं. कारण काय, तर हजेरीच्या वहीत महिनाभरात चार सह्या. चौकशीने आठवडाभर तिथे बसून माणसं मोजली. रोज बावीस! पण सही करायला एकही तयार नाही. एकाने सुनेला बँकेत जातो म्हणून सांगितलेलं, दुसऱ्याने बायकोला दवाखान्यात. डोक्यावर पंखा, हातात पेपर आणि घरचं कुणी नाही. एवढं सुख सही करून कोण घालवणार?

बोलले बरेच, पण ‘नाव छापू नका’ म्हणाले. संपादक वैतागले. “पेपर वाचतो हे सांगायलाही नाव लपवायचं? लोक हसतील. उद्या सभा आहे. एक तरी नाव आण, नाहीतर बातमी रद्द.”

त्या संध्याकाळी मी शिडी मागायला चौकशीच्या घरी गेले. शिडी नको होती, ते सोडा. चौकशी तोंड पाडून बसलेली.

तिची आई कडाडली, “बावीस माणसं, आणि एकाचीही छाती होत नाही?”

कोपऱ्यातून बाबा हळूच म्हणाले, “माझं लिही.”

“बाबा, नक्की?”

“खिडकीजवळची खुर्ची. मी पेपराआड होतो, तरी तू मला पहिल्याच दिवशी पाहिलंस. आठवडाभर बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प.”

आईची मान गर्रकन वळली. “अहो! म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं तासभर चालणं?”

“जाता-येता चालतोच की.”

“आणि ते नवे बूट?”

“छान आहेत. बसायला.”

मी शिडी न घेताच पळाले. कामं होती. तीन मजले, सहा बिऱ्हाडं, मग आख्खी गल्ली.

सकाळी बातमी आली, बाबांच्या नाव-वयासकट. दुपारच्या सभेआधी एकोणीस जण येऊन वहीत सही करून गेले. दुपारी कोण कुठे बसतं ते मला पाठ; निम्म्यांच्या घरी मीच आधी कळवलं होतं, तेव्हा लपवायला उरलं होतं काय? पण श्रेय चौकशीला. वाचनालय दुपारचं उघडंच राहिलं.

आता आई रोज बाबांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावते, मग दोघं वाचनालयात शिरतात. मी वही पाहून आले. सही आधी आईची, खाली बाबांची.