शिळं पाणी

चतुराबाईंच्या घरात शिळं पाणी टिकत नसे. सकाळी नळ आला की आदल्या दिवसाचा हंडा, कळशी, बादली सगळं उपडं व्हायचं. ओतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला जायचं, आणि कुंडी भरून वाहिली की जिन्यावर. खालचे भाडेकरू कुरकुरायचे, पण त्यांचं कोण ऐकतंय! भांडं काथ्यानं घासायचं, विसळायचं, काठोकाठ भरायचं आणि मगच चहाचं आधण ठेवायचं, असा बाईंचा नेम होता.

त्याला कारणही तसंच होतं. त्यांचं माहेर कोरड्या पट्ट्यातलं. लहानपणी गावच्या विहिरीत त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी दोर सोडायचा नाही. गावातल्या कुणाच्या मनात येईल तेव्हा तो वरून धार धरणार, तोवर उन्हात ताटकळायचं. मिळालेली घागर दोन-दोन दिवस पुरवायची. त्या पाण्याला वास सुटायचा, तरी आई म्हणायची, "पी गुमान." पुढं दीक्षा झाली, दिवस पालटले, पण तो वास काही बाईंच्या नाकातून गेला नाही. आपल्या हातानं सोडायचा नळ घरात असताना कालचं पाणी का म्हणून प्यायचं?

पळसदेवला बाईंचे मालक धोंडीबा वारले आणि त्र्याण्णव साली मुलानं, संघपालनं, आईला बारामतीला आणलं. तो एमआयडीसीत कामाला. सून करुणा इंदापूरच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळी पहिली एसटी गाठायची ती संध्याकाळीच परतायची. जन्मभर रानात राबलेल्या बाईला दिवसभर पंख्याखाली बसवलं, तर तिनं करायचं काय? बाई दोनदा केर काढायच्या, नसलेली जळमटं झाडायच्या आणि भिंतीकडं बघत बसायच्या. 'मी हितं काय कामाची?' हे त्यांच्या मनातून हटत नव्हतं.

बैठकीच्या खोलीत करुणाची माशांची काचेची टाकी होती. आधीच्या शाळेतून बदली झाली तेव्हा तिथल्या बायांनी दिलेली. बाई आधी हसल्या. "मासा कालवणात शोभतो बाय, दिवाणखान्यात न्हाय." उजनीच्या काठावर संसार केलेली बाई आणखी काय म्हणणार? पण चार दिवसांत त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली. त्यांतला एक गलेलठ्ठ सोनेरी मासा सारखं तोंड उघडायचा, मिटायचा. पंगतीत बसलेला धाकटा दीरच जणू! बाईंनी त्या दिराचंच नाव माशाला देऊन टाकलं, आप्पा.

करुणा हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "आत्या, टाकी आजपासून तुमच्याकडं. मला वेळ नसतो आणि यांच्या ध्यानात राहत नाही." सासूला आत्या म्हणायची तिच्या माहेरची रीत होती. त्या दिवशी बाई दोन घास जास्त जेवल्या. घरात आपलं म्हणून एक काम झालं होतं.

आणि चतुराबाई काम करणार म्हणजे काय विचारता! सून एसटीला गेली की पदर खोचायचा, मासे तांब्यानं पातेल्यात काढायचे, टाकी पार रिकामी करायची. काचा लखलखीत. तळातले गोटे काथ्यानं घासून पांढरेशुभ्र. मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ. रोज. जसा हंडा, तशी टाकी.

मासे मरू लागले.

आधी काळा गेला, मग चट्ट्यापट्ट्याची जोडी. बाई आणखी कसून घासू लागल्या. तरी मासे वर येऊन तोंड आ वासायचे आणि सकाळी आडवे दिसायचे. दृष्ट लागली म्हणावं, तर दृष्ट काढणं बाईंनी दीक्षेबरोबरच सोडलेलं. एकदा मात्र फळीवरच्या मिरच्यांकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. शेवटी आप्पा एकटा उरला, तोही कोपऱ्यात मलूल. संघपाल बायकोला म्हणाला, "ही टाकी कंपनीतल्या कुणाला तरी देऊन टाकू. आईच्या जिवाला घोर नुसता." बाईंनी ते आतून ऐकलं. टाकी गेली की पुन्हा भिंत आणि पंखा.

दुसऱ्या दिवशी त्या कुणाला न सांगता स्टँडजवळच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार मोहनराव गप्पिष्ट माणूस.

"पाणी कधी बदलता, मावशी?"

"रोजच्या रोज. सगळं. आमच्यात शिळं चालत न्हाय."

मोहनरावांनी कपाळाला हात लावला. "मीही पहिल्या वर्षी असेच मारले हो, बादलीभर! नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशाला सोसत नाही. बादली भरून दिवसभर उघडी ठेवायची, औषध उडून जातं. आठवड्यातून एकदा चतकोर टाकी उपसायची आणि तेवढंच ते मुरलेलं पाणी घालायचं. गोटे घासायचे नाहीत. त्यांच्यावरचा बुळबुळीतपणाच घाण खातो."

"म्हंजी शिळंच पाणी?"

"शिळंच."

बाई रस्ताभर स्वतःशी भांडत आल्या. माझ्या घरात शिळं पाणी, तेही मुद्दाम साठवून? पण टाकीत आप्पा कसाबसा कल्ले हलवत होता. बाईंनी बादली भरली, गॅलरीत ठेवली आणि तिच्याकडं पाठ करून बसल्या. एरवी न झाकलेलं भांडं दिसलं की त्यांचा हात आपोआप झाकणाकडं जायचा. त्या दिवशी तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

पंधरवड्यात आप्पा पुन्हा पंगतीला बसल्यासारखा तोंड चालवू लागला.

मग एका रविवारी करुणा गॅलरी आवरत होती. कालची भरलेली बादली तिच्या नजरेस पडली. आत्यांच्या हातून राहिलीच कशी! त्यांनी बघायच्या आत ओतून टाकावी म्हणून तिनं ती कुंडीवर कलती केली.

"अगं सांडू नको!" बाई आतून धावत आल्या. "शिळं हाय ते!"

करुणा थबकली. बादली तोवर रिकामी झाली होती. बाई दारातच खाली बसल्या. "मीच मारले गं तुझे मासे. रोज ताजं घालून घालून मारले. त्यास्नी शिळंच लागतं, मला ठावं न्हवतं."

करुणानं विहिरीची गोष्ट लग्नाच्या पहिल्या वर्षीच ऐकली होती. तिनं नळ सोडला, बादली काठोकाठ भरली, गॅलरीत जागच्या जागी ठेवली आणि सवयीनं झाकणाकडं वळली.

"झाकू नको," बाई म्हणाल्या.

"बरं," ती त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. "उद्यापर्यंत होईल शिळं, आत्या. मग पुढच्या रविवारी आपण दोघी आप्पाच्या सोबतीला नवे मासे आणायला जाऊ."