दगाने थांबवलेली शिडी

दगा मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत आला आणि कडोदऱ्याच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बीम वाहू लागला. सुताने भरलेला बीम, म्हणजे जड लोखंडी रूळ, चाकांच्या गाडीवर ठेवून मागापर्यंत ढकलत न्यायचा. त्या गाडीला ब्रेक नसतो. पुढचा माणूस चाकाला पाय लावतो, तेव्हा ती थांबते. दगा नेहमी पुढे असायचा.

खातं बंद पडल्यावर मी त्याला विमानतळावर हमालीला आणलं. मी तिथं जुना होतो. कामाला कुठं जोर लावायचा आणि कुठं राखायचा, हे त्याला सांगावं लागलं नाही.

त्या दुपारी मुंबईवर वादळ आलं आणि तिकडची विमानं सुरतेकडे वळवली. एकामागून एक उतरत राहिली. उभं करायला जागा कमी, शिड्या दोनच. एक शिडी दुसऱ्या विमानाला लावलेली. दुसरी ओढणारा ठेकेदाराचा ट्रॅक्टर मध्येच बंद पडला. तेवढ्यात वायरलेसवर कळलं, टोकाच्या विमानात एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आलीय. रुग्णवाहिका खाली उभी होती. शिडीशिवाय त्याला उतरवता येत नव्हतं.

आमचे सुपरवायझर भूपेंद्रभाई ओरडले, "बीजो ट्रॅक्टर आवे छे, थोभो!"

"आपण थांबू, भाई. तो म्हातारा थांबनार का?" दगा म्हणाला आणि शिडीला खांदा लावला.

आम्ही चौघं लागलो. महेश आणि उखा मागून, मी डाव्या अंगाला ब्रेकच्या दांड्याजवळ, दगा पुढे चाकाशी, अंतर बघत. लोखंड जड होतं. आधी हलेना. हललं तशी महेशला हुशारी चढली.

"जोर लाव रे, सासरवाडीले जाई राहिना का?" तो उखाला म्हणाला.

"हळू रे!" दगा ओरडला. "हाऊ बीम नही शे!"

विमानाजवळ जमिनीला थोडा उतार आहे. तिथं जोर काढून घ्यायला हवा होता. मागच्यांनी तो उशिरा काढला. मी दांडा ओढला, पण ब्रेक धरायला वेळ लागला. शिडी विमानाला लागली असती तर पत्रा फाटला असता आणि दारही उघडलं नसतं.

दगाच्या हातात चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा होता. तो तसाच हातात राहिला. चाकासमोर गेला तो पाय. चाक बुटावर चढलं आणि थांबलं. विमान हातभर दूर होतं.

"काय व्हयनं रे?" उखा घाबरला.

"काही नही. मागे ल्या."

आम्ही शिडी मागे घेतली, पाय सोडवला. भूपेंद्रभाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. एका पायावर उभं राहून हाताने खुणा करत राहिला. आम्ही बोट-बोट सरकवत शिडी दाराला भिडवली. दार उघडलं. म्हाताऱ्याला उचलून खाली आणलं, रुग्णवाहिका निघाली. मगच दगा खाली बसला. बूट कापून काढावा लागला.

म्हातारा वाचल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. दगाची दोन बोटं गेली.

दवाखान्यात मी त्याला झापलं. "हातात लाकूड होतं की!"

"लाकूड हातात होतं, अण्णा. पाय जवळ होता."

पायाची जखम भरली आणि तो लंगडत परत आला. भूपेंद्रभाई त्याला गेटवर खुर्चीचं काम देत होते. त्याने ते घेतलं नाही. मी निवृत्त झालो, तेव्हा ब्रेकचा दांडा त्याच्या हातात दिला. आता शिडी हाताने ढकलायची वेळ आली की उतार यायच्या आधीच तो ब्रेक ओढायला लागतो. मागचे कुरकुरतात, त्यांना जास्त ढकलावं लागतं. तो ढकलू देतो.