ध्वनिकवच आणि माहितीस्तव प्रती

विषय : शत्रूचे ड्रोन हवेतच गरगरवून पाडणाऱ्या यंत्राच्या पेटंटबाबत.
संदर्भ : माझी स्वतःची अक्कल.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, मी माती खाल्ली.

आता चहा घ्या, सविस्तर सांगतो.

तहसीलीत जन्म गेला तो दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवण्यात. निवृत्त झाल्यावर वाटलं, एक तरी अर्ज आपल्या नावाचा असावा. त्यात विज्ञानकथांचा जुना नाद. कुठल्याशा ग्रहावरचे लोक गावाभोवती आवाजाची भिंत उभारतात आणि शत्रूची यानं तिला धडकून चक्कर येऊन पडतात, असं वाचलं होतं. म्हटलं, तिकडे जमतं तर बीड जिल्ह्यात का जमू नये? आपल्याकडे आवाजाची टंचाई आहे का?

चौसाळ्याचे रफिकभाई डीजेचे भोंगे दुरुस्त करतात. त्यांना गाठलं.

"रफिकभाई, देशाचं काम आहे."

"करू की भाऊसाहेब. बेस किती ठिवायचा?"

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात चाचणी झाली. फोटोवाल्याचा ड्रोन वर गेला, आम्ही भोंगा त्याच्याकडे वळवला. ड्रोननं एक गिरकी घेतली आणि थेट शिजत्या दालच्याच्या डेगीत!

"लई पावर हाय!" रफिकभाई ओरडले. फोटोवाला म्हणत होता, बॅटरी संपली. त्याला विज्ञानातलं काय कळतं?

संभाजीनगरला पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी बजावलं, "काका, अर्ज दाखल होईपर्यंत अवाक्षर काढू नका. आधीच जगजाहीर झालं तर नवेपणा गेला. नवेपणा गेला की पेटंट गेलं."

मी तोंडाला कुलूप घातलं. घरातही सांगितलं नाही. 'ध्वनिकवच' या नावानं अर्ज टाइप केला, प्रत्येक पानावर लाल शाईनं 'अत्यंत गोपनीय' लिहिलं आणि वकीलबाईंकडे रवाना केला.

चार दिवसांनी सौभाग्यवती नळावरून आल्या, त्या घागर आपटतच.

"अहो, तुमी फौजेत चाललाव का? समद्या बाया इचारायल्यात!"

धावत ग्रामपंचायतीत गेलो. सूचनाफलकावर माझं ध्वनिकवच! आकृतीसकट! वर ग्रामसेवकाचा शिक्का.

"हे कुणी लावलं?"

ग्रामसेवक शांतपणे म्हणाला, "तुमीच पाठवलं की. 'प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव.' दुसरी काय कार्यवाही करणार?"

तेव्हा ध्यानात आलं. अर्जाच्या तळाशी माझ्या हातानं सवयीनं प्रती काढून टपालात टाकल्या होत्या. जिल्हाधिकारी, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत. आणि जनावरं बुजतील म्हणून पशुसंवर्धन विभाग. सगळ्यांना पोचही मागितली होती. गोपनीय कागदाची!

फलकापाशी उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यानं रानडुकरं पळतील का?"

वकीलबाईंना फोन लावला.

"काका, कुणाला बोललात?"

"छे! एकाही माणसाला नाही. फक्त कार्यालयांना."

त्यांनी प्रतींची यादी आणि फलकाची हकीकत विचारून घेतली. मग म्हणाल्या, "फलकावरचं कुणी वाचलं नाही, असा काही पुरावा आणता येईल का? तोवर मी दाखल करत नाही."

सरपंचांकडे गेलो. ते हसले. "आपला फलक कुणी वाचत न्हाई, हे तर आमी छातीठोक लिहून देऊ."

"पण बाया, तो डुकरंवाला..."

"त्यांनी निसतं चित्र पाह्यलं. वाचलं कुठं?"

मात्र असा दाखला द्यायचा तर ग्रामसभेचा ठराव हवा. सभा बोलावली. तिची नोटीस नियमाप्रमाणे त्याच फलकावर लावली.

कुणीही आलं नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. मी आनंदानं म्हणालो, "बघा, झालं सिद्ध! कुणी वाचत नाही!"

"सिद्ध झालं," सरपंच म्हणाले, "पर ठराव कुठं झाला?"

पुढील सभेची तारीख ठरलेली नाही. अर्ज वकीलबाईंच्या टेबलावर प्रलंबित आहे.