मदरनी सोडलेलं घर

घंटा वाजली की मदर वाक्य अर्धवट टाकून उठायच्या. "तर मास्तर, सातवीच्या पोरींचं..." इथवर आलेलं असायचं, आणि मदर चालू पडायच्या. उरलेलं वाक्य अर्ध्या तासानं बरोबर तिथूनच सुरू व्हायचं. घंटा झाली की हातातलं काम तसंच ठेवून प्रार्थनेला जायचं, हा त्यांच्या बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाचा नियम. मी त्यांच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा मला तो माझा अपमानच वाटायचा. मास्तर लोकांना मधेच थांबवलेलं सोसत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल.

मदर मूळच्या केरळच्या. पण चाळीस वर्षं इंदापूरकडच्या माळावर काढून भाषा पार आमची झालेली. कळस गावाहून एखादी आई पोरीला घेऊन आली की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, पोरगी जेवती का न्हाय?" फीचं नंतर. फी तशीही नावालाच होती.

बाकीचा खर्च सिस्टर उचलायच्या. शिकवणाऱ्या सिस्टरांचे पगार शाळेतच परत यायचे आणि आठ गाईंचं दूध डेअरीला जायचं. पण सिस्टर थकल्या, एकेक करून निवृत्त झाल्या, आणि नवीन मुलगी काही संघात येईना. गाईंच्या धारा मदरच काढायच्या; त्यांचे गुडघे गेले तेव्हा गाई विकल्या. आमचे पगार लांबू लागले. "हुईल, मास्तर. आजवर झालंच की," मदर म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, होतंय कुठं?

मग मीच खटपट करून लोणी देवकरच्या एका कारखान्याचे साहेब आणले. त्यांनी शाळा पाहिली, मुलींचं गाणं ऐकलं, चहा घेतला. "दरवर्षी आमच्याकडून शाळेला..." म्हणत ते मुद्द्यावर आले आणि घंटा वाजली. मदर उठल्या नि गेल्या. साहेब दाराकडे बघत राहिले. मी त्यांना आणखी एक बिस्कीट दिलं. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते गाडीत जाऊन बसले. पुन्हा काही ते आले नाहीत.

मदर परतल्यावर मी तावातावानं बोललो. त्या खरोखर गोंधळून गेल्या.

"मला वाटलं, ते मागनं प्रार्थनेला येत्यात. त्यांच्यासाठी फुडची खुर्ची पुसून ठिवली व्हती."

घंटा ऐकूनही माणूस बसून राहू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला राग आला होता, तरी हसू आवरेना.

शेवटी त्यांच्या मोठ्या मठातून पत्र आलं. पाचच सिस्टर उरल्या आहात, त्यातली एक अंथरुणावर. शाळा आणि तुमचं राहतं घर दोन्ही बंद करा, जागा विकू, तुम्ही सगळ्या इकडे या. मदरनी उलट कळवलं, आम्ही येतो, पण जागा विकायची नाही. आमच्या खोल्यांत मुलींचं वसतिगृह करा, त्याच्या पैशावर शाळा चालेल. मठानं मान्य केलं.

आम्ही मास्तर मंडळी खूश. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. या सिस्टर संघात येताना शपथ घेतात, की ज्या घरात आलो त्याच घरात मरायचं. मदर सामान बांधत होत्या तेव्हा मी विचारलं, "मदर, तुमच्या शपथेचं काय?"

त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "काल लई रडले, मास्तर. आता झालं. शाळा ऱ्हायली पायजे."

गेल्या वर्षी मदर तिकडेच वारल्या, तिकडेच त्यांना पुरलं. आमच्या शाळेमागं त्यांच्या सोबतिणींच्या सहा कबरी एका ओळीत आहेत. शेजारची सातवी जागा मदरची होती, ती रिकामी आहे. वसतिगृह भरलंय. माझा पगार आता पहिल्या तारखेला होतो. त्या दिवशी मी शाळेच्या मागच्या बाजूला जात नाही.